घराचं दार आणि पॅसेज: उजेड नेमका कुठे पाडायचा

नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेले दिव्यांचे पॉइंट बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. मुख्य दाराच्या वर आतल्या बाजूने एक, बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या छतात मधोमध एक, आणि दाराबाहेर फक्त बेल. दोन्ही पॉइंटला नऊ-दहा वॅटचे पांढरे बल्ब लावले की उजेड भरपूर होतो. तरीही दारात उभ्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, किल्ली लावताना भोक चाचपडावं लागतं आणि पॅसेज बोगद्यासारखा वाटतो. मग लोक वॅट वाढवतात. त्याने काही फरक पडत नाही, कारण दोष वॅटचा नसतो. उजेड पडतो फरशीवर, आणि आपण बघत असतो ते भिंतीकडे, चेहऱ्याकडे, कडी-कुलपाकडे. दार आणि पॅसेजच्या सजावटीत जे ठरवायचं ते यावरून ठरवावं: आधी उभ्या पृष्ठभागांवर उजेड, मग बाकीचं.

खालचे आकडे साध्या दोन बीएचकेचे आहेत. दारातून आत आल्यावर ४ फूट रुंदीची छोटी लॉबी, पुढे हॉल, आणि बेडरूमकडे जाणारा १२ फूट लांब, साडेतीन फूट रुंद पॅसेज. फॉल्स सीलिंगनंतर उंची साडेआठ फूट. तुमच्या घराची मापं वेगळी असतील तर गणित तेच ठेवून आकडे बदला.

दाराबाहेर

सोसायटीच्या लॉबीतला दिवा बहुतेक वेळा लिफ्टजवळ किंवा जिन्याच्या तोंडाशी असतो, म्हणजे दारापुढे उभ्या माणसाच्या पाठीमागे. त्याचीच सावली कुलपावर पडते. आतून पीपहोलमधून किंवा व्हिडिओ बेलच्या पडद्यावर बघितलं तर पाहुण्याची नुसती काळी आकृती दिसते, कारण उजेड मागून आणि चेहरा अंधारात. दोन्हीवर उपाय एकच. दाराच्या लॅचच्या, म्हणजे कुलपाच्या बाजूला, चौकटीपासून ६ ते ८ इंच अंतरावर, सहा ते साडेसहा फूट उंचीवर ३ ते ५ वॅटचा ब्रॅकेट लाइट, म्हणजे भिंतीवर बसणारा दिवा, लावा. त्याचा उजेड चेहऱ्यावर समोरून-बाजूने येतो, कुलपावर पडतो, आणि त्याच्या खाली नावाची पाटी लावली की पाटीला वेगळा दिवा लागत नाही. पाटीचा मध्य जमिनीपासून ५ फुटांवर आणि बेलचं बटण त्याखाली ४ फुटांवर बसवलं की दोन्ही गोष्टी नीट दिसतात आणि मुलांचा हातही पोचतो.

मागून उजेड येणाऱ्या ॲक्रिलिकच्या पाट्यांची सध्या चलती आहे. दिवा लागलेला असताना त्या छान दिसतात. दिवसा विझलेल्या अवस्थेत मात्र दुधी ॲक्रिलिकवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि आतली एलईडीची पट्टी बंद पडली की सगळी पाटी उतरवावी लागते. पितळेची किंवा सागवानाची खोल कोरलेली पाटी आणि वरून साधा दिवा, हे जास्त टिकतं. पितळ चकचकीत पॉलिशचं नको. समोरून उजेड पडला की अक्षरांऐवजी दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं. ब्रश फिनिश घ्या.

बाहेरच्या या दिव्याची वायर घरातूनच घ्यायची. सोसायटीच्या कॉमन मीटरवर तो जोडला तर आज ना उद्या वाद होतो. वायरमन बेलच्या कंड्युटमधूनच (वायरच्या पाइपमधूनच) वायर ओढायला बघेल. बेल २३० व्होल्टची असेल तर चालतं. लो-व्होल्टेज व्हिडिओ बेल असेल तर दोन्ही वायरी एका कंड्युटमधून नेऊ नका, स्वतंत्र पाइप टाका.

त्याच वेळी बाहेर, दाराच्या वरच्या कोपऱ्यात, ६ अँपिअरचं एक सॉकेट काढून घ्या आणि त्याचा स्विच आत ठेवा. आकाशकंदील, दिवाळीची माळ, गणपतीतली रोषणाई या सगळ्यासाठी ते लागतं. नाहीतर दरवर्षी दाराच्या फटीतून एक्स्टेंशनची वायर जाते, दार लावताना ती चेपते आणि आतली तार तुटते किंवा उघडी पडते. तोरणासाठी चौकटीच्या वरच्या पट्टीत दोन टोकांना आणि मध्ये एक असे तीन पितळी आकडे कायमचे बसवून टाका. मधला आकडा नसेल तर झेंडूच्या ओल्या फुलांचं तोरण मध्ये झोळ देतं आणि उंच माणसाच्या कपाळाला लागतं. सेफ्टी डोअर बाहेर उघडणारं असेल तर आकडे त्याच्या आत, मुख्य चौकटीवर घ्यायचे. बाहेरच्या पट्टीवर घेतले तर जाळीचं दार दर वेळी फुलं ओरबाडतं.

चपलांचं कपाट, कुंड्या, सायकल यांपैकी काहीही बाहेर कॉमन पॅसेजमध्ये नको. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी धुरात जिना शोधणाऱ्या माणसाच्या पायात ते येतं, एवढं कारण पुरे.

पॅसेजचं गणित

पॅसेज ४२ चौरस फूट, म्हणजे जवळपास ३.९ चौरस मीटर. चालायला-फिरायला १०० लक्स (दर चौरस मीटरला १०० ल्युमेन उजेड) पुरतात, म्हणजे फरशीवर ३९० ल्युमेन पोचायला हवेत. अरुंद जागेत बराचसा उजेड भिंती खातात, शिवाय धूळ आणि जुनेपणा धरायचा, म्हणून दिव्यातून हजार-बाराशे ल्युमेन निघाले पाहिजेत. बऱ्या एलईडीचे वॅटला ९० ल्युमेन धरले तर साधारण १३ वॅट. पाच वॅटचे तीन दिवे घेतले की काम झालं. सात वॅटचे सहा दिवे लावलेले पॅसेज सर्रास दिसतात. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाचे डोळे दिपवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

तीन दिव्यांच्या जागा: पहिला भिंतीपासून २ फुटांवर, मग ४ फूट, मग ४ फूट, शेवटी २ फूट. टोकांना अर्धं अंतर ठेवलं की शेवटचा कोपरा काळा राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे बीमचा कोन: दिव्याचा झोत किती अंशांत पसरतो ते. हा खोक्यावर छापलेला असतो आणि कोणी वाचत नाही. छताच्या मधोमध लावलेल्या दिव्यापासून दोन्ही भिंती पावणेदोन फुटांवर आहेत. २४ अंशांचा स्पॉट घेतला तर त्याचा झोत भिंतीला टेकतो तो जमिनीपासून जेमतेम ३ इंचांवर, म्हणजे फरशीलगतच्या स्कर्टिंगला. ३६ अंशांचा झोत टेकतो जमिनीपासून सुमारे ३ फुटांवर. त्याच्या वरची भिंत अंधारी. ६० अंशांचा झोत साडेपाच फुटांवर, म्हणजे थेट नजरेच्या उंचीला भिंतीवर येतो. शोरूममध्ये झगमगणारे २४ अंशांचे स्पॉट पॅसेजमध्ये लावले की फरशीवर प्रकाशाची वर्तुळं आणि भिंती काळ्या, असं का होतं ते यात आलं. पॅसेजला ६० अंश किंवा त्याहून रुंद, दुधी काचेचा दिवा घ्या.

दुकानदार ३६ अंश 'ऑल राउंडर' म्हणून गळ्यात मारतो. तो कामाचा आहे, पण तिरका करता येणारा असेल तरच. मधल्या रेषेवरून तो भिंतीकडे साधारण २५ ते ३० अंशांत कलवला की झोत बरोबर ५ फुटांवर, म्हणजे टांगलेल्या चित्राच्या मध्यावर येतो. याच कोनात काचेच्या फ्रेमवरची चमकही बघणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही, खाली जाते. दोन रुंद दिवे आणि मध्ये एक कलता स्पॉट, ही जोडणी आम्हाला सगळ्यात समाधानकारक वाटते.

पॅसेजच्या शेवटी दार नसून कोरी भिंत असेल तर तुमचं नशीब चांगलं. एक स्पॉट तिथेच टाका आणि त्या भिंतीवर एखादं वारली चित्र, पैठणीचा जुना पदर फ्रेम करून, जे असेल ते लावा. नजरेला टोकाला उजळ जागा मिळाली की पॅसेजची लांबी कमी भासते.

फॉल्स सीलिंग करायचं नसेल तर अडत नाही. छतावर बसणारे गोल सिलिंडर दिवे मिळतात. वर दिलेलंच अंतर आणि तोच कोन. भिंतीवरचे ब्रॅकेट लावणार असाल तर साडेसहा फुटांच्या खाली असलेला कुठलाही दिवा भिंतीपासून ४ इंचांपेक्षा जास्त पुढे यायला नको, नाहीतर खांदे आपटतात. लटकता दिवा पॅसेजला नकोच. दारातल्या लॉबीत लावायचा झाला तर त्याचं खालचं टोक किमान ७ फुटांवर हवं, आणि दाराचं ७ फुटी पान उघडताना त्याला लागत नाही ना, हे मापपट्टी धरून बघायचं.

कोव्हबद्दल, म्हणजे छताच्या कडेला पट्टीचा दिवा लपवायला काढलेल्या कप्प्याबद्दल थोडं. साडेतीन फुटांच्या पॅसेजला दोन्ही बाजूंनी कोव्ह काढायचा आग्रह पीओपीवाला धरतो. दोन्हीकडून सहा-सहा इंच गेले की मध्ये अडीच फुटांची खाच उरते. हौसच असेल तर एकाच बाजूने करा, आणि कोव्हच्या ओठापासून स्लॅबपर्यंत ५ ते ६ इंच मोकळे ठेवा. तीन इंच ठेवले तर उजेड पसरत नाही, छताच्या कडेला एक पांढरी रेघ तेवढी दिसते. एलईडीची पट्टी २४ व्होल्टची घ्या; १२ व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या पुढे नेली तर टोकाला मंद पडते. मीटरला १० वॅटची पट्टी १२ फुटांना ३६-३७ वॅट घेते. तिला ४० वॅटचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारी डबी) पुरेल असं वाटतं, पण बंद सीलिंगमध्ये पूर्ण भारावर चालणारा ड्रायव्हर तापून लवकर जातो. ६० चा घ्या, आणि हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा. ड्रायव्हर बदलायला सीलिंग कापावं लागणं ही पूर्णपणे टाळता येणारी गोष्ट आहे.

पिवळा की पांढरा

दार आणि पॅसेजला ३००० केल्विन, म्हणजे दुकानात ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात तो. हॉलमध्ये ४००० असेल तर पॅसेजलाही ४००० चालेल. ६५०० चा कूल डेलाइट मात्र दारात नको: सागवानी दार राखाडी दिसतं, माणसं आजारी दिसतात. एका नजरेत दोन रंगांचे दिवे येऊ देऊ नका. हॉलच्या सोफ्यावर बसून पॅसेज दिसत असेल तर दोन्हीकडे एकच केल्विन. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा मिळाला तर घ्या, निदान आरशाजवळच्या आणि चित्रावरच्या दिव्यासाठी. कुंकवाचा लाल आणि पितळेचा पिवळा त्यातच खरा दिसतो.

भिंत आणि फरशी

ऑफ-व्हाइट भिंत पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांश भाग परत देते, गडद निळी किंवा मातकट भिंत दहा-पंधरा टक्केही देत नाही. गडद रंग हवाच असेल तर तो टोकाच्या भिंतीला द्या आणि स्पॉट तिच्यावर घ्या. दोन्ही लांब भिंती फिक्या ठेवा. फिनिश सॅटिन किंवा धुता येणारा मॅट. फार चकाकणारा रंग पॅसेजच्या भिंतीवरची प्रत्येक उंचसखल जागा दाखवतो.

आणि इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. दिवा भिंतीच्या सहा इंचांत आला, किंवा वर-खाली झोत टाकणारा ब्रॅकेट लावला, की उजेड भिंतीला घासून जातो आणि पुट्टीच्या लाटा, पट्टीचे फराटे, झिरी बुजवल्याच्या खुणा सगळं उघडं पडतं. रंगारी म्हणतो दिवा चुकीचा, वायरमन म्हणतो भिंत वाकडी. दोघंही बरोबर असतात. म्हणून पुट्टीचा दुसरा हात घासून झाला की प्राइमरच्या आधी संध्याकाळी तिथे जायचं, दिव्याच्या नेमक्या जागी होल्डरला बल्ब लावून धरायचा, आणि दिसणाऱ्या लाटांवर पेन्सिलने खुणा करून द्यायच्या. तेव्हा दुरुस्तीला एक तास लागतो. रंगानंतर सगळी भिंत परत घासावी लागते. भिंत सरळ होण्यातली नसेल तर घासता उजेड सोडून द्या, किंवा मुद्दाम खडबडीत टेक्स्चर करा, तिथे तोच उजेड शोभतो.

चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असेल तर आणखी एक लक्षात घ्या: छतातला उघड्या चिपचा दिवा फरशीत जसाच्या तसा दिसतो आणि खाली बघून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तोच जास्त टोचतो. खोल बसलेला अँटिग्लेअर दिवा किंवा दुधी काच, दोन्हीपैकी काहीही चालेल.

चपला, आरसा आणि बाकीचं

लॉबी ४८ इंच रुंद. चपला सरळ ठेवायचं कपाट १३ ते १४ इंच खोल होतं, म्हणजे चालायला ३४ इंच उरले. ३६ च्या खाली गेलं की फ्रिज, गॅसचा सिलिंडर, व्हीलचेअर, सगळंच अडकतं. म्हणून इथे खाली कलणाऱ्या फळ्यांचं ८ इंच खोलीचं कपाट घ्या. ४० इंच मोकळे राहतात. रुंदी ठरवताना पुरुषांच्या जोडाला ८ इंच धरा, ३२ इंचांच्या फळीवर चार जोड. कपाट भिंतीला टांगून जमिनीपासून ६ ते ८ इंच वर ठेवलं तर तीन फायदे होतात: खालून झाडू फिरतो, ओल प्लायला लागत नाही, आणि रोजच्या चपला त्याखाली सरकवता येतात. त्याच्या तळाला मागच्या बाजूने मीटरला ४-५ वॅटची पट्टी लावली की रात्रीचा दिवाही तोच. पट्टी दुधी झाकणाच्या प्रोफाइलमध्येच बसवा, नाहीतर चकचकीत फरशीत एकेक ठिपका दिसतो.

शटरला झडपांसारख्या फटी किंवा वर-खाली भोकं हवीतच. पावसाळ्यात ओले बूट बंद कपाटात गेले की दोन दिवसांत बुरशी येते, आणि एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) असेल तर तळ फुगतो. ओल्या चपलांसाठी बाहेर काढता येणारा स्टीलचा ट्रे आणि त्याच्या वर, साडेतीन फुटांवर छत्र्यांचे आकडे, म्हणजे पाणी ट्रेमध्येच गळतं. रेनकोटचा आकडा मात्र साडेपाच फुटांवर.

पायपुसण्यावरून बरीच दारं अडतात. मुख्य दाराखाली साधारण ८ ते १० मिमी फट असते आणि काथ्याचं जाड पायपुसणं १५ मिमीचं. जाळीचं दार बाहेर उघडतं, लाकडी दार आत उघडतं, म्हणून जाड पायपुसणं दोन्हीकडे अडतं. आधी दोन्ही फटी मोजा, मग खरेदीला जा. उंबरठ्याच्या आत पातळ सुती, बाहेर दाराच्या घेराच्या पलीकडे जाड.

आरसा दाराच्या समोर नको. वास्तूचा भाग ज्याने त्याने ठरवावा. व्यवहारात मात्र दार उघडलं की कुरिअरवाल्याला आरशातून थेट घर दिसतं. बाजूच्या भिंतीवर, तळ सव्वातीन फुटांवर ठेवून १८ बाय ३६ इंचांचा लावा. त्याच्यासाठी दिवा डोक्यावर नको, डोळ्यांखाली सावल्या पडतात. छतातला दिवा माणूस आणि आरसा यांच्या मध्ये, आरशाच्या भिंतीपासून फूटभर अंतरावर घ्या. इमारतीच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आरसा असेल तर मागे ५-६ मिमी हवा खेळू द्या, नाहीतर दोन पावसाळ्यांत मागचा मुलामा काळा पडायला लागतो.

खिडकी नसलेल्या पॅसेजमध्ये झाड ठेवू नका, ते हळूहळू मरतं. पितळी उरुळीत फुलं ठेवणार असाल तर पाणी रोज बदला. साचलेलं स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं. फ्रेम इंचभरापेक्षा जाड नकोत आणि त्यांचा मध्य पावणेपाच ते पाच फुटांवर. डीबीची पेटी, म्हणजे जिच्यात घराचे एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारे स्विच) असतात ती, बहुधा दाराजवळच असते. तिच्यावर शटर चालेल, कुलूप किंवा खिळ्याने ठोकलेलं चित्र चालणार नाही. ट्रिप झालेला एमसीबी अंधारातच शोधायचा असतो.

स्विच, सेन्सर आणि बिघाड

लॉबीचा स्विच दाराच्या लॅचच्या बाजूला, ४ ते साडेचार फूट उंचीवर. सुतार कधी कधी पानाची उघडायची बाजू बदलतो आणि वायरमनला कोणी सांगत नाही. मग स्विच दारामागे जातो. पॅसेजला दोन्ही टोकांना टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता-विझवता येणारे, हवेतच. त्यासाठी दोन स्विचमध्ये दोन जास्तीच्या वायरी लागतात, त्या प्लास्टरच्या आधी टाकल्या नाहीत तर नंतर झिरी मारावी लागते. लाइटला १.५ चौरस मिमीची वायर घाला.

माणूस आला की दिवा लावणारा सेन्सर लावायचा तर पीआयआर, म्हणजे अंगाची उष्णता ओळखणारा घ्या. मायक्रोवेव्ह सेन्सर लाकडी दार आणि जिप्समच्या आरपार बघतो, त्यामुळे शेजारी लिफ्टकडे गेले तरी तुमची लॉबी उजळते. पीआयआरला आडवं जाणारं माणूस चटकन कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. म्हणून तो पॅसेजच्या टोकाला समोर तोंड करून न लावता छतात, बेडरूमच्या दारांच्या रेषेत लावा. एसीच्या झोतासमोर नको. विदर्भात मे महिन्यात हवाच अंगाच्या तापमानाच्या आसपास पोचते, तेव्हा पीआयआर मंदावतो, म्हणून त्याला समांतर एक साधा स्विच ठेवाच.

स्विच बंद केल्यावरही एलईडी अंधुक जळत राहिली तर ती खराब नसते. स्विचमधल्या लाल इंडिकेटरमधून बारीकसा प्रवाह जातो, किंवा स्विच फेजऐवजी (वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) बसलेला असतो. आधी न्यूट्रलवाली चूक तपासायला सांगा, ती धोक्याची आहे. मग इंडिकेटर काढा.

दिवे घेताना खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बघा आणि लागतात त्यापेक्षा दोन जास्त, एकाच लॉटमधले घ्या. दोन वर्षांनी तोच दिवा मागायला गेलात तर रंगात किंचित फरक असतो, किंवा सीलिंगच्या भोकाचं माप बदललेलं असतं. भोकाचं माप, वॅट, केल्विन आणि बीमचा कोन एका कागदावर लिहून डीबीच्या शटरला आतून चिकटवून ठेवा.